मांडव न उतरणारा सप्ताह

मराठीत भोंदू माणसासाठी शब्दांची कमतरता नाही. बुवा, बाबा, महाराज, भगत, मांत्रिक, देवऋषी, ढोंगी अशी यादी कुणीही बसल्या जागी करू शकेल. त्याच्या मागे जाणाऱ्या माणसासाठी मात्र फार तर दोन-तीन शब्द निघतात: अंधभक्त, नादी लागलेला, भजनी लागलेला. तिन्हींमध्ये कीव आहे, चेष्टा आहे, कुतूहल अजिबात नाही.

इंग्रजीतल्या ‘कल्ट’ला तर आपल्याकडे नेमका शब्दच नाही. ‘पंथ’ म्हणावं तर वारकरी, महानुभाव, नाथ हे पंथ डोळ्यांसमोर येतात. ‘संप्रदाय’ हाही आदराचाच शब्द. म्हणून या लेखापुरता मी ‘गोट’ हा शब्द वापरतो. गोट म्हणजे असा गट, जिथं एका माणसाचा शब्द शेवटचा असतो, बाहेरच्या जगाकडं संशयानं बघायला शिकवलं जातं, आणि आत शिरायला एक रविवार पुरतो पण बाहेर पडायला काही वर्षं लागतात. गोटाला देव असतोच असं नाही. काही गोटांत देवाच्या जागी पैसा असतो, काहींत यश, काहींत राष्ट्र, काहींत नुसतं ‘व्यक्तिमत्त्व’.

शब्दांची ही गरिबी भाषेपुरती राहत नाही. आपल्या नाटक-सिनेमा-कादंबऱ्यांनी गुरूकडं भरपूर पाहिलं, शिष्याकडं फार थोडं. आणि आपली महाविद्यालयं नि विद्यापीठं नेमकी तीच चूक करतात. एखादा विद्यार्थी गोटात गेला की पहिला प्रश्न येतो, ‘तो बाबा खरा की खोटा?’ पोराला तिथं काय मिळालं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. तो आपल्याच पुस्तकांतून आणि आपल्याच मराठवाड्याच्या इतिहासातून मांडायचा आहे.

‘जेवलास का?’

सुरुवात निलंग्यापासून करू. निलंगा हे तालुक्याचं गाव. दहावीला बरे मार्क पडले की इथली पोरं लातूरची एसटी धरतात. राजर्षी शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ आता एका महाविद्यालयाचा राहिलेला नाही. उद्योग भवन परिसरातल्या ट्यूशन एरियात तो अख्ख्या बाजारासारखा पसरला आहे. सोळा वर्षांचं पोरगं तिथं खोली घेतं, मेस लावतं आणि पुढची दोन वर्षं त्याचा दिवस दुसरं कुणीतरी ठरवतं. किती वाजता उठायचं, कुठल्या बॅचला बसायचं, रविवारी कुठली टेस्ट. ‘नीट’ला नंबर लागला नाही तर ते ‘रिपीटर’ होतं. त्यानंतर कुणी इंजिनिअरिंगला पुण्याला जातं, कुणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचं टेबल धरतं.

या प्रवासात पोरगं हुशार होतं, शिस्तीचं होतं, आणि एकटं होतं. आई-वडील फोनवर एकच गोष्ट विचारतात: किती मार्क पडले? क्लासचे सर तेच विचारतात. मित्र हा मित्र असतो आणि त्याच रँकच्या यादीतला स्पर्धकही असतो. अशा वेळी होस्टेलच्या दारात एक सीनियर भेटतो. नीटनेटका, हसतमुख, आवाज न चढवणारा. तो देवाचं नाव काढत नाही. तो विचारतो, ‘जेवलास का?’

गोटातून बाहेर पडलेल्या कुणाशीही बोला, सुरुवात अशाच कुठल्यातरी साध्या प्रश्नापाशी सापडते. मग रविवारचं फुकट जेवण. मग ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’. मग पहाटे चारला उठायची सवय, रोजच्या चुका लिहायची वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मग एक दिवस, ‘घरच्यांना एवढ्यात सांगू नकोस, त्यांना समजणार नाही.’ इथपर्यंत आलेल्या पोराला कुणी फसवलं असं म्हणणं कठीण आहे. त्याला जे हवं होतं ते मिळालं, फक्त त्याची किंमत नंतर सांगितली गेली.

दुसऱ्या जातीच्या गोटात वहीच्या जागी टाय असतो. चेन मार्केटिंगच्या सेमिनारला बसलेली कॉलेजची पोरं कधी बघितली असतील तर आठवा: टाळ्यांचा ठेका, घोषणा, स्टेजवर चढून आपली ‘कहाणी’ सांगणारा बावीस वर्षांचा ‘लीडर’, आणि शंका विचारणाऱ्याला ‘निगेटिव्ह माणूस’ ठरवण्याची पद्धत. मार्च 2019मध्ये सायबराबाद पोलिसांनी ‘ईबिझ’ या कंपनीच्या प्रमुखाला अटक केली, तेव्हा पोलिसांच्या म्हणण्यानुसार सुमारे 17 लाख लोक आणि 5,000 कोटी रुपये त्या जाळ्यात अडकले होते आणि जाळं मुख्यतः विद्यार्थी नि बेरोजगार तरुणांवर टाकलेलं होतं. अशा साखळ्यांना बंदी घालणारा कायदा देशात 1978 पासून आहे. डिसेंबर 2021मध्ये थेट विक्रीचे नवे नियमही आले. तरी पोरं जातात, कारण कायद्याला घोटाळा दिसतो आणि पोराला सोबत दिसते.

पांडुरंग सांगवीकर का वाचला?

खेड्यातून पुण्याच्या होस्टेलवर आलेल्या पोराचं एकटेपण मराठीत सर्वांत नेमकं पकडलं ते ‘कोसला’नं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963ची. तिला सहा दशकं झाली, पण होस्टेल, मेस, गॅदरिंग, उसनवारी, वडिलांच्या पैशांचं ओझं यांतलं काहीच जुनं झालेलं नाही. गोटाला लागणारं सगळं सामान पांडुरंग सांगवीकरापाशी आहे. तो घरापासून तुटला आहे, शहराला तो नको आहे, अभ्यासात त्याचं मन नाही, आणि लहान बहिणीच्या मृत्यूनंतर त्याच्यापुढं असे प्रश्न उभे आहेत ज्यांची उत्तरं कुणीच देत नाही. एखाद्या गोड बोलणाऱ्या सीनियरला याहून सोपं गिऱ्हाईक मिळणार नाही.

तरी तो कुठल्या गुरूच्या पायाशी जाऊन बसत नाही. का? समीक्षकांनी त्याच्या परात्मतेबद्दल पुष्कळ लिहिलं. मला त्याचं उत्तर त्याच्या बोलण्याच्या सवयीत दिसतं. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे त्याचे दोन शब्द आता जवळपास म्हणीसारखे झाले आहेत, कॉलेजातली पोरं त्यांची नक्कलही करतात. पण ते नुसते लाडके शब्द नाहीत. कुठलीही मोठी गोष्ट कुणी त्याच्यासमोर ठेवली की पांडुरंग तिला ‘वगैरे’ लावतो आणि ती गोष्ट एकदम मापात येते. प्रेम वगैरे, ध्येय वगैरे अशा चालीनं तो स्वतःच्या दुःखालासुद्धा मोठं होऊ देत नाही.

आता गोटाची भाषा आठवा. तिथं ‘वगैरे’ चालत नाही. तिथलं प्रत्येक वाक्य पूर्णविरामावर संपतं: ‘गुरुजी म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.’ ‘जो थांबला तो संपला.’ अशा भाषेत हसायला जागा नसते, आणि जिथं हसायला जागा नाही तिथं विचारायलाही नसते. पांडुरंगाचं वाचणं हे त्याच्या भाषेचं वाचणं आहे.

इथंच ‘कोसला’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. पांडुरंगाचा उपरोध त्याला गोटात जाऊ देत नाही, पण तो त्याला दुसरीकडंही कुठं नेत नाही. तो हरून गावी परततो. सगळ्याच पोरांना असा उपरोध जमत नाही, आणि जमला तरी त्यावर आयुष्यभर राहता येत नाही. लातूरच्या खोलीतल्या पोरीला ‘सगळं वगैरे आहे’ एवढं कळून भागत नाही. तिला संध्याकाळी बोलायला माणूस लागतो. मराठी कादंबरीनं गोटाबाहेर राहिलेला पोरगा मन लावून रंगवला. आत गेलेला पोरगा, आत गेलेली पोरगी तेवढ्या जवळून क्वचितच पाहिली.

दोन म्हाताऱ्यांचा वाद

नाटकानं काय केलं? खोट्या साधूची खिल्ली उडवण्याची आपली परंपरा फार जुनी. एकनाथांच्या भारुडांत ती आहे, तुकोबांच्या अभंगांत तर ती आगीसारखी आहे. आधुनिक रंगभूमीवर आचार्य अत्र्यांनी ‘बुवा तेथे बाया’मध्ये तीच धार वापरली. या परंपरेचं सामर्थ्य मोठं, पण तिचं गृहीतक एकच: बुवा लबाड आहे, त्याचं सोंग उतरवलं की भक्त शुद्धीवर येतील. सोंग उतरताना प्रेक्षक हसतो आणि घरी जाताना ‘आपण असे मूर्ख नाही’ हे समाधान सोबत नेतो.

पु. ल. देशपांड्यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ (1957) या गृहीतकाच्या पुढं जातं, आणि म्हणूनच ते आज पुन्हा वाचायला हवं. पुष्कळांच्या लक्षात काकाजी राहतात: त्यांचं इंदुरी वळणाचं बोलणं, त्यांची रसिकता, खाण्या-गाण्यातला आनंद. पण नाटकातलं खरं धाडस आचार्यांच्या पात्रात आहे. आचार्य भोंदू नाहीत. त्यांचा त्याग खरा आहे, खादी खरी आहे, शिस्त खरी आहे. आणि तरीही त्यांच्या सावलीत आलेली तरुण माणसं कोमेजतात. गुरू प्रामाणिक असूनही गोट घातक असू शकतो, ही गोष्ट पु. लं.नी विनोदाच्या आडून सांगितली. ‘तो बाबा खरा की खोटा’ या प्रश्नाचा निकाल त्यांनी 1957मध्येच लावला होता: तो खरा असला तरी भागत नाही.

मात्र नाटक जिथं सुटतं तिथं ते सोपं होतं. शेवटाकडं आचार्य स्वतःच आपल्या कोरड्या, एकाकी आयुष्याची कबुली देतात. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात आणि तरुण मंडळींची वाट मोकळी होते. म्हणजे तरुण सुटतात ते गुरूला उपरती झाली म्हणून. सबंध नाटकभर वाद दोन म्हाताऱ्यांमध्ये चालतो. तरुणांनी कुणाचं ऐकायचं याचा तो वाद आहे, आणि तरुण हे त्या वादातलं बक्षीस आहेत. काकाजींची बाजू जिंकते हे आपल्याला आवडतं, कारण काकाजी आवडण्यासारखेच आहेत. पण प्रत्यक्षात कुठल्या गोटाचा प्रमुख असा पायरीवर बसून कबुली देतो? आणि त्यानं ती दिली नाही तर आतल्या पोरानं काय करायचं? या प्रश्नाशी नाटक थांबत नाही.

‘देऊळ’ (2011) हा चित्रपट गुरूलाच गाळून टाकतो. उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शक, गिरीश कुलकर्णी लेखक आणि नायक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला ‘ब्यारी’सोबत विभागून मिळाला. मंगरूळ गावात केशाला झाडाखाली दत्ताचा भास होतो आणि बघता बघता गावाचा बाजार होतो. इथं कुणी एक लबाड माणूस नाही. रिकामी बसलेली पोरं आहेत, पुढारी आहे, पत्रकार आहे, दुकानं आहेत. गोट कसा उभा राहतो हे मराठीत इतकं स्वच्छ दुसरीकडं क्वचितच दिसलं असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्या श्रद्धेवर हे सगळं उभं राहिलं त्या केशाचीच देवळाला अडचण होऊ लागते. शेवटी तो मूर्ती घेऊन निघतो आणि मागं गावात नवी मूर्ती बसते. भक्त निघून गेला तरी गोट चालतच राहतो. मला हा शेवट ‘तुझे आहे तुजपाशी’च्या शेवटापेक्षा खरा वाटतो. तो दिलासा देत नाही.

विज्ञानाची पदवी आणि छत्रीचं टोक

शिष्याकडं पाहायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण जपानमधून घ्यावं लागेल. 20 मार्च 1995 रोजी ‘ओम् शिनरिक्यो’ या गोटाच्या माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. छत्रीच्या टोकानं प्लास्टिकच्या पिशव्या फोडल्या. 13 माणसं मेली, आणि 25 वर्षं अंथरुणाला खिळलेली एक स्त्री 2020मध्ये चौदावा बळी ठरली. ते काम करणाऱ्यांत हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. टोकियो विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करणारा तरुण होता. वासेदा विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्र शिकलेला होता. त्यातल्या कुणालाही ‘अडाणी’ म्हणता येणार नाही.

हारुकी मुराकामींनी ‘अंडरग्राउंड’ लिहिताना आधी मरता मरता वाचलेल्या प्रवाशांच्या मुलाखती घेतल्या. मग त्यांना वाटलं, एवढ्यानं चित्र पुरं होत नाही, आणि ते गोटात राहिलेल्या माणसांकडं गेले. हा दुसरा भाग आपल्यासाठी मोलाचा आहे. मुराकामी त्यांना माफ करत नाहीत, पण त्यांना बोलू देतात. वाचताना अंगावर काटा येतो तो आत काय चालायचं या तपशिलानं नव्हे. ती माणसं आत जाण्यापूर्वीचं जे आयुष्य सांगतात ते फार ओळखीचं वाटतं म्हणून येतो. शाळेत हुशार, घरात गप्प, आयुष्याचा अर्थ विचारला की आजूबाजूचे ‘आधी परीक्षा दे’ म्हणणारे. हे वाक्य लातूरमध्ये रोज किती घरांतून फोनवर जातं?

विज्ञान शिकवलं म्हणजे विवेक आला, हा आपला लाडका समज हे पुस्तक मोडून काढतं. समीकरणं सोडवणं हे कौशल्य आहे. ‘हे मी का मानतो?’ असं स्वतःला विचारणं ही वेगळी सवय आहे, आणि ती कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

अमेरिकेतली एक घटना आणखी जवळची आहे. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात 2010मध्ये लॅरी रे नावाचा माणूस आपल्या मुलीच्या होस्टेलमध्ये राहायला आला. तो स्वयंपाक करायचा, पोरांचं ऐकून घ्यायचा, सल्ला द्यायचा. पुढची काही वर्षं त्यानं त्या मित्रमंडळाला अक्षरशः गुलाम केलं. जानेवारी 2023मध्ये त्याला 60 वर्षांची शिक्षा झाली. त्या मित्रांपैकी डॅनिएल बार्बन लेव्हिन यानं 2021मध्ये ‘स्लोनिम वुड्स 9’ हे आत्मकथन लिहिलं. ते त्या होस्टेलच्या इमारतीचंच नाव. म्हणजे गोट कॉलेजच्या छपराखालीच जन्मला. तिथं ना धर्म होता, ना मठ. एक मोठा माणूस होता आणि ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं अशी हुशार पोरं होती.

सप्ताह आठव्या दिवशी संपतो

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘मग भक्ती करायचीच नाही का? गुरू करायचाच नाही का? आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो, तोही गोटच का?’

नाही. आणि का नाही, हे समजून घेण्यातच आपल्या हातात एक चांगली कसोटी येते. सप्ताहात पहाटे काकडा असतो, दिवसभर पारायण, रात्री कीर्तन. सात दिवस माणूस घरदार विसरतो. शिस्त कडक असते, महाराजांच्या पाया पडतात, सामूहिक भारावलेपण असतं. गोटातलं जवळपास सगळं तिथं आहे. फक्त आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसादाची पंगत उठते, आणि संध्याकाळपर्यंत मांडव उतरवला जातो. मांडववाला बांबू ट्रॅक्टरवर टाकून घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी माणूस शेतात, दुकानात, कॉलेजात. वारीचंही तेच. वारी या शब्दातच जाणं आणि येणं दोन्ही आहे. पंढरपूरला जाऊन तिथंच राहिला त्याला वारकरी म्हणत नाहीत. आपल्या भक्तिपरंपरेनं परत येण्याची सोय रचनेतच करून ठेवली आहे.

गोट म्हणजे मांडव न उतरणारा सप्ताह. तिथं काला कधी होतच नाही. म्हणून कुठल्याही गटाला विचारायचा प्रश्न ‘तुमचा गुरू खरा का?’ हा नाही. विचारायचं ते असं: इथून माणूस घरी जातो का? जाऊन परत आला तर त्याला रागावतात का? परत आलाच नाही तर त्याला शिव्या घालतात का, की भेटल्यावर चहा पाजतात?

या कसोटीवर मराठवाड्यातलाच एक संन्यासी तपासून बघू. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांनी 1932मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं, आजन्म ब्रह्मचर्य, तरुणांवर जबरदस्त प्रभाव. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला ते शिक्षक होते. कागदावर पाहिलं तर गोटाच्या प्रमुखाची सगळी लक्षणं. पण त्यांच्याजवळून माणसं बाहेर जात राहिली: चळवळीत, तुरुंगात, शिक्षणसंस्थांत, राजकारणात. गोविंदभाई श्रॉफ हे त्यांचे निकटचे सहकारी. हैदराबाद मुक्त झाल्यावर ते काँग्रेसबाहेर पडून वेगळ्या वाटेनं गेले. त्यावरून कुणी त्यांना धर्मभ्रष्ट ठरवलं नाही. स्वामीजींविषयीचा गोविंदभाईंचा आदरही त्यानं संपला नाही. ज्याच्याशी मतभेद करून वेगळं होता येतं, तो गुरू.

विद्यापीठ कसं वागतं याचा धडाही त्याच काळात आहे. 1938मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या होस्टेलांत विद्यार्थी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. विद्यापीठानं बंदी घातली आणि न जुमानणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्या पोरांना नागपूर विद्यापीठानं कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. पोरांचा समूह एका गोष्टीनं भारावला आहे एवढंच दिसलं आणि उस्मानियानं दार लावलं. नागपूरनं दार उघडलं. भारावलेपणाला गुन्हा समजणारं विद्यापीठ चुकतं, हे मराठवाड्यानं स्वतः सोसलेलं आहे. आणि आज निलंग्यातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्या नांदेडच्या विद्यापीठाला 1994 पासून नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थांचंच.

विद्यापीठं काय करतात

मग आज काय होतं? ढोबळमानानं तीन गोष्टी.

पहिली, व्यासपीठ देणं. शिबिराला हॉल फुकट मिळतो, प्राचार्य दीपप्रज्वलन करतात, ‘मूल्यशिक्षण’ म्हणून अहवालात फोटो जातो. 14 फेब्रुवारीला ‘मातृ-पितृ पूजन दिन’ साजरा करायची टूम आसारामच्या संघटनेनं काढली. छत्तीसगडच्या सरकारनं ती शाळांत नेली, इतरत्रही ती पसरली. आपल्याच गुरुकुलातल्या अल्पवयीन विद्यार्थिनीवर बलात्कार केल्याबद्दल एप्रिल 2018मध्ये त्याला जन्मठेप झाली. कार्यक्रमात गैर काय, आई-वडिलांचीच तर पूजा आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं की गोटाची पहिली पायरी नेहमी अशीच निरुपद्रवी असते.

दुसरी, बंदी. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठानं 1987मध्ये ‘बोस्टन चर्च ऑफ ख्राइस्ट’ या आक्रमक भरती करणाऱ्या गटाला आवारात मज्जाव केला, पुढं इतर विद्यापीठांनीही केला. जबरदस्ती, पैसे उकळणं, छळ असेल तिथं बंदी हवीच. पण बंदीनं आवार बंद होतं, पोराचा फोन बंद होत नाही. शिवाय अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला संविधानाच्या 25व्या अनुच्छेदानं श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यानं कुठं जावं हे कुलसचिव ठरवू शकत नाहीत, ठरवूही नये.

तिसरी, प्रबोधन. इथं महाराष्ट्राचं काम खरोखर मोठं आहे. मराठवाड्यात भानामतीच्या प्रकरणांचा शोध घ्यायला कार्यकर्ते गावोगाव फिरले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारातून महाविद्यालयांत ‘विवेकवाहिनी’ आली. 20 ऑगस्ट 2013ला त्यांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी आला. कायद्यानं कीर्तन, भजन, वारी यांना शहाणपणानं बाहेर ठेवलं. पण या सगळ्या रचनेचा शत्रू आहे चमत्कार. हवेतून अंगठी काढणारा, भूत उतरवणारा, नरबळी मागणारा. आजचा होस्टेलमधला गोट हवेतून काहीच काढत नाही. तो पीपीटी दाखवतो. नारळातून निघणाऱ्या करणीमागची हातचलाखी पोरानं शाळेतच पाहिलेली असते, त्या प्रयोगानं इथं काही भागत नाही.

आपल्याकडं एका बाबतीत महाविद्यालयं बदलली, ते रॅगिंग. एके काळी ‘थोडी गंमत’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला नाव मिळालं. महाराष्ट्रानं 1999मध्ये कायदा केला, 2009मध्ये अमन काचरू या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर यूजीसीनं देशभर नियम आणले. आज प्रवेश घेताना पालक-विद्यार्थी दोघांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रॅगिंग संपलं असं नव्हे, पण पोराकडं एक शब्द आला आणि तक्रार कुठं करायची हे कळलं. गोटाच्या बाबतीत अजून शब्दच नाही. गळ्यात हात टाकून, जेवू घालून जे घडतं त्याला छळ म्हणायचं कसं? जपानमधल्या अनेक विद्यापीठांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रवेशाच्या आठवड्यातच या भरतीची पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली आहे: नाव लपवून येणारे गट, फुकट शिबिरं, ‘घरी सांगू नकोस’ हे वाक्य. कुठल्याही धर्मावर बोट न ठेवता हे सांगता येतं. त्याला एक तास लागतो.

त्या तासापेक्षाही स्वस्त एक गोष्ट आपल्याकडं आधीच आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर असतं. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावावर वीस-पंचवीस विद्यार्थी लिहिलेले असतात. भेटीच्या तारखा, सह्या, शेरे सगळं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते समिती यायच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत एकाच पेनानं भरलेलं असतं. गोटाचा सीनियर असं रजिस्टर ठेवत नाही. पण त्याच्याकडं आलेला प्रत्येक पोरगा कुठल्या गावचा, बहिणीचं लग्न ठरलं का, परवाचा पेपर कसा गेला, हे त्याला तोंडपाठ असतं. महाविद्यालयाची खरी स्पर्धा या पाठांतराशी आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवायचे. त्यांचे लेख वाचले की एक रीत लक्षात येते. ज्याचं खंडन करायचं आहे त्याची बाजू ते आधी इतकी भक्कम मांडतात की वाचकाला वाटावं, आता हे हरणार. असा प्राध्यापक ज्यानं ऐकला त्याला पुढं कुणाचंही ‘शंभर टक्के’ खटकतं. तो गुरू करील, भजनाला जाईल, सेमिनारलाही बसेल, पण हात वर करून काहीतरी विचारील. कुरुंदकर 1982मध्ये गेले. ती रीत परीक्षेच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हती, म्हणून ती टिकवायची तर ती वर्गातल्या बोलण्यातच टिकवावी लागेल.

उरतं ते लिहिणाऱ्यांचं काम. मराठीत अजून ते पुस्तक यायचं आहे ज्यात एखादी मुलगी सांगेल की ती आत कशी गेली, तिला तिथं खरंच बरं कसं वाटलं, आणि ती कुठल्या दिवशी, कुठल्या क्षुल्लक कारणानं उठून एसटीत बसली. ते पुस्तक लिहिणारी कदाचित आत्ता हे मोबाईलवर वाचत असेल. तिनं त्यात गुरूवर एक प्रकरण लिहावं, फार तर दोन. बाकीचं सगळं स्वतःवर लिहावं. आणि ते पुस्तक येईपर्यंत निलंग्याच्या, लातूरच्या, नांदेडच्या प्राध्यापकांनी त्या रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखायला हरकत नाही: ‘जेवलास का?’ विचारलं, तारीख, सही.